बोलणाऱ्या कार्डात कोण बोलते?

वाढदिवसाचे एखादे शुभेच्छापत्र उघडले की आतून गाणे सुरू होते, किंवा कुणीतरी बोलू लागते. मिटले की गप्प! असे कार्ड मुलांच्या हाती पडले, की दुसऱ्या दिवसापर्यंत ते फाडून आत काय आहे हे पाहिलेले असते. हे फाडणे आम्हाला तरी योग्यच वाटते. मोबाइल उघडून मुलांच्या हाती फारसे काही लागत नाही; तिथे इतके काही दाटीवाटीने बसवलेले असते की कोण काय करतो हेच कळत नाही. कार्डात मात्र आवाजाच्या यंत्राला लागणारे सारे भाग असतात आणि तेवढेच असतात. स्मृती, घड्याळ, स्विच, वीज आणि स्पीकर. जास्तीचा एकही भाग नाही, कारण जास्तीचा भाग म्हणजे जास्तीचे पैसे.

या लेखात आपण असे कार्ड उघडून पाहू. उघडताना एक प्रश्न मात्र मनात ठेवू. अहिल्यानगरात (अहमदनगरचे हे नाव २०२४ साली झाले, बोलताना अजूनही 'नगर'च म्हणतात) चितळे रोडवर किंवा कापड बाजारात जाऊन गाणारे किंवा बोलणारे कार्ड मागितले, तर ते बहुधा इंग्रजीत गाते. मराठी शुभेच्छा छापलेल्या मिळतात, बोललेल्या सहसा मिळत नाहीत. असे का? 'आपल्याला इंग्रजीचे वेड' हे उत्तर चटकन सुचते आणि त्यात थोडे तथ्य असेलही. पण खरे मोठे कारण कार्डातल्या एका काळ्या ठिपक्यात दडलेले आहे. तिथपर्यंत जाऊ या.

कागदाच्या आत

कार्डाच्या आतल्या पानावर आणखी एक कागद कडेने चिकटवलेला असतो. तो हलक्या हाताने सोडवला की सगळा संसार उघडा पडतो. पहिले काम म्हणजे बटणासारखे सेल काढून शिक्षकांनी आपल्याजवळ ठेवणे. याचे कारण पुढे येईलच.

आता घडीजवळ पाहा. धातूच्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींवर दाबून बसवलेल्या दिसतील. त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकची एक जीभ सरकवलेली असते आणि जिभेचे दुसरे टोक समोरच्या पानाला चिकटवलेले असते. कार्ड उघडले की जीभ ओढली जाते, पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि मंडल पूर्ण होते. मिटले की जीभ परत मध्ये शिरते. विद्युतवाहक आणि विद्युतरोधक यांचा इतका स्वस्त आणि इतका चोख उपयोग क्वचितच पाहायला मिळतो. पाचवी-सहावीच्या वर्गात स्विच शिकवताना ही जीभ एकदा हाताने सरकवून दाखवली तर फळ्यावरच्या आकृतीची गरज उरणार नाही.

पट्ट्यांच्या शेजारी नखाएवढी, फार तर पोस्टाच्या तिकिटाएवढी हिरवी किंवा तपकिरी पाटी असते. तिच्यावर डांबराचा थेंब पडून वाळावा तसा काळा ठिपका दिसतो. हीच चिप! एरवी चिप म्हटले की दोन्ही बाजूंना पाय असलेला काळा किडा आपल्या डोळ्यांसमोर येतो. पण तो किडा म्हणजे चिपचे घर असते. आतली सिलिकॉनची चकती फक्त एक-दोन मिलिमीटरची असते. कार्डवाल्याला घराचा खर्च परवडत नाही. म्हणून उघडी चकतीच पाटीवर चिकटवतात, केसापेक्षा बारीक धातूच्या तारांनी ती पाटीवरच्या तांब्याच्या रेघांना जोडतात आणि वर इपॉक्सीचा थेंब टाकून सगळे झाकून टाकतात. तारा इतक्या नाजूक असतात की ठिपका खरवडला की चिप मेलीच म्हणून समजा.

गाणे स्वस्त, बोलणे महाग

आधी गाणारे कार्ड पाहू, कारण ते आधी आले. १९८० आणि ९० च्या दशकांत आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असणाऱ्या कुणालाही 'यूएम६६' हे नाव माहीत होते. तैवानच्या यूएमसी या कंपनीची ही चिप. दिसायला साध्या ट्रान्झिस्टरसारखी, तीन पायांची. दीड ते तीन व्होल्ट द्या, एक लहानसा स्पीकर जोडा, की ती गाऊ लागे. कार्डांत हीच किंवा हिच्यासारखी चिप काळ्या ठिपक्याच्या रूपात बसलेली असे.

या चिपमध्ये आवाज साठवलेलाच नसतो, ही त्यातली गंमत आहे. साठवलेली असते ती स्वरलिपी. पेटी शिकणाऱ्या मुलाच्या वहीत जसे 'हा स्वर दोन मात्रा, मग तो स्वर एक मात्रा' असे लिहिलेले असते, तसे. चिपमधले घड्याळ सेकंदाला हजारो ठोके देते. एखादा स्वर काढायचा म्हणजे त्या ठोक्यांना योग्य संख्येने भागायचे. लहान संख्येने भागले तर स्वर चढा, मोठ्या संख्येने भागले तर उतरता. अशा साठेक स्वरांत गाण्याची एक चाल सहज बसते. प्रत्येक स्वराची उंची आणि लांबी मिळून एक बाइट जागा धरली, तर संपूर्ण गाण्याला साठ बाइट पुरले!

या कार्डांतून स्वर बाहेर काढत असे ती पितळेची एक पातळ चकती. तिच्यावर पांढरट सिरॅमिकचा थर असतो. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्यात वीजदाब निर्माण होतो, हे पिएर आणि झाक क्यूरी या भावांनी १८८० साली दाखवले. याच्या उलटही घडते. वीजदाब दिला की स्फटिक किंचित आकसतो किंवा पसरतो. सिरॅमिकचा थर असा आकसू-पसरू लागला की चकती वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते आणि हवेला धक्के देते. याला वीज नावापुरतीच लागते. चकती शिट्टीसारखा कर्कश आवाज काढते, पण स्वर ओळखू येतो.

आता बोलण्याकडे वळू. बोलण्याची स्वरलिपी करता येत नाही. 'शुभेच्छा' या एका शब्दात हवेचा दाब सेकंदाच्या हजाराव्या भागात कितीतरी वेळा वेडावाकडा बदलतो. तो सगळा वळणांसकट टिपून ठेवावा लागतो. कसा टिपायचा? आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. पावसाळ्यात अकोले तालुक्यातल्या भंडारदरा धरणात किती पाणी साठले, याचा आकडा रोज वर्तमानपत्रात येतो. धरणातले पाणी अखंड चढत-उतरत असते, पण आपल्याकडे रोजचा एकच आकडा असतो. तरीही ते आकडे आलेखावर मांडून ठिपके जोडले, की पावसाळा कसा गेला हे दिसते. आकडा महिन्यातून एकदाच घेतला असता तर मधल्या आठवड्यात आलेली पाण्याची लाट आपल्याला कळलीच नसती. म्हणजे बदल जितका जलद, तितके आकडे जवळजवळ घ्यायला हवेत.

किती जवळ? हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली तारायंत्राच्या संदर्भात या प्रश्नाचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली तो नेमक्या गणितात मांडला. आवाजात जी सर्वांत जलद कंपने टिपायची असतील, त्यांच्या दुपटीहून अधिक वेळा दर सेकंदाला नमुने घ्यावेत, असा हा नियम. टेलिफोनसाठी ३४०० हर्ट्झपर्यंतची कंपने पुरेशी मानली गेली आणि सेकंदाला ८००० नमुने हे प्रमाण ठरले. बोलणारी कार्डे साधारण हेच किंवा याहून थोडे कमी प्रमाण वापरतात.

एका नमुन्याला एक बाइट, म्हणजे आवाजाच्या दाबासाठी २५६ पायऱ्या. बारवेतले पाणी कितव्या पायरीला आहे हे सांगावे तसेच हे आहे; दोन पायऱ्यांच्या मधली उंची सांगता येत नाही. दहा सेकंदांच्या बोलण्याला ८०,००० बाइट झाले. गाण्याला साठ आणि बोलण्याला ऐंशी हजार! पुढचा नमुना पूर्ण न सांगता 'मागच्यापेक्षा किती वर, किती खाली' एवढेच सांगण्याची एक युक्ती आहे. तिने ही जागा निम्म्यावर येते, चाळीस हजारांवर. तरीही फरक शेकड्यांच्या पटीत राहतोच. गाणारी कार्डे बोलणाऱ्या कार्डांच्या कितीतरी आधी बाजारात का आली, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

'स' कुठे जातो?

बोलणारे कार्ड कानाशी धरून नीट ऐका. 'स' नीट ऐकू येत नाही. 'सस्नेह' म्हटले तर 'फफ्नेह' म्हटल्यासारखे वाटते. 'शुभेच्छा' मात्र ठीक ऐकू येते. हा बोलणाऱ्याच्या जिभेचा दोष नाही. 'स' उच्चारताना दातांमधून निसटणारी हवा जो फुत्कार करते, त्याची बरीचशी ऊर्जा चार हजार हर्ट्झच्या वर असते. 'श' चा फुत्कार त्याच्या खाली, अडीच-तीन हजार हर्ट्झपासूनच सुरू होतो. कार्ड जर ३४०० हर्ट्झला हात आखडते घेत असेल, तर 'श' बराचसा वाचतो आणि 'स' चाळणीबाहेर जातो. जुन्या टेलिफोनवर नाव सांगताना 'स, सशाचा स' असे म्हणावे लागत असे ते याच कारणाने. आकाशवाणीच्या नगर केंद्राचा एफएम कार्यक्रम ऐका. तिथे पंधरा हजार हर्ट्झपर्यंतची कंपने पोचतात, म्हणून 'स' खणखणीत असतो.

खालच्या टोकालाही अशीच काटछाट होते. पुरुषाचा आवाज सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे मूळ कंपनांचा. कार्डातला रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा स्पीकर इतकी सावकाश कंपने हवेत ढकलूच शकत नाही. मग आजोबांचा आवाज कार्डात नातवासारखा का वाटत नाही? कारण आवाजात मूळ कंपनांच्या दुपटीची, तिपटीची, चौपटीची कंपनेही असतात. ती कानावर आली की त्यांच्यातले समान अंतर ओळखून आपला मेंदू नसलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. कार्ड स्वस्त होण्यात ऐकणाऱ्याच्या मेंदूचाही वाटा असतो, आणि तो फुकट मिळतो!

स्पीकरबद्दल थोडे. गाणाऱ्या कार्डातली पितळी चकती बोलण्याला पुरत नाही, म्हणून बोलणाऱ्या कार्डात बहुधा चुंबक आणि तारेचे वेटोळे असलेला चपटा स्पीकर असतो. नगरजवळच्या नागापूर औद्योगिक वसाहतीत विजेच्या मोटारी बनतात. त्यांचे आणि या स्पीकरचे तत्त्व एकच आहे, ते म्हणजे चुंबकीय क्षेत्रातल्या तारेतून वीज गेली की तारेवर बल येते. मोटारीत ते बल फिरवते, इथे पुढे-मागे ढकलते. वेटोळ्याला पातळ प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो, तो हवेला ढकलतो.

चिप या स्पीकरला आवाजाची वळणदार लाट देते असे वाटेल, पण तेवढा प्रवर्धकही अनेक कार्डांत नसतो. चिप फक्त चालू-बंद, चालू-बंद करते, सेकंदाला हजारो वेळा. 'चालू'चा वेळ वाढवला की सरासरी वाढते, घटवला की घटते. समजा, शेतीपंपाला दिवसातून आठच तास वीज मिळाली. पंप अर्ध्या ताकदीने कधीच चालत नाही, पूर्ण चालतो नाहीतर बंद असतो. तरी महिन्याचे पाणी किती मिळाले ते तास किती होते यावरच ठरते. स्पीकरचा पडदा इतक्या जलद चालू-बंदीमागे धावू शकत नाही, तो सरासरीच पाळतो. आणि ती सरासरी म्हणजेच आपला आवाज.

छापखान्याचा हिशोब

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ऐंशी हजार बाइट चिपमध्ये घालायचे कसे?

सर्वांत स्वस्त रीत म्हणजे चिप बनतानाच ते तिच्यात कोरून टाकायचे. चिप बनते ती एकावर एक थर छापत. प्रत्येक थराला एक छाप लागतो, त्याला मास्क म्हणतात. यांतल्या एका मास्कमध्ये कुठे जोड ठेवायचा आणि कुठे नाही, हे ठरवून टाकले की तोच संदेश प्रत्येक चिपमध्ये कायमचा उमटतो. ज्यांनी लग्नपत्रिका छापून घेतल्या आहेत त्यांना हा हिशोब नव्याने सांगायला नको. मजकूर जुळवण्याचा आणि ब्लॉक करण्याचा खर्च पन्नास पत्रिकांना तेवढाच आणि पाच हजारांना तेवढाच. समजा, मास्कचा खर्च दोन लाख रुपये धरला. एक लाख कार्डे काढली तर प्रत्येक कार्डावर दोन रुपये पडतात. दोन हजारच काढली तर शंभर रुपये! चिप तीच, काम तेच, फक्त ऐकणारे कमी.

म्हणून यूएम६६ च्या काळात जगभर मोजक्याच चाली वाजल्या. जिंगल बेल्स, हॅपी बर्थडे, बीथोव्हेनची 'फ्यूर एलीझ'. याच चाली कार्डांत, दारावरच्या घंटांत, खेळण्यांत आणि मागे जाणाऱ्या मोटारींच्या भोंग्यांतही. बीथोव्हेनने १८१० साली पियानोसाठी रचलेली चाल नगरच्या मार्केट यार्डात टेम्पो मागे घेताना ऐकू येई, याला आपली संगीताची आवड कारणीभूत नव्हती. तैवानमधल्या कारखान्यात तो छाप तयार होता, एवढेच! (जाता जाता, हॅपी बर्थडेची चाल मुळात शाळेसाठी होती. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या बालवाडी शिक्षिका पॅटी हिल आणि त्यांची संगीतकार बहीण मिल्ड्रेड यांनी ती मुलांना सकाळी अभिवादन करता यावे म्हणून बांधली. १८९३ साली ती छापली गेली.)

चालीचे एक वेळ ठीक, तिला भाषा नसते. बोलण्याला असते. मराठीत शुभेच्छा देणारी चिप काढायची तर तिचा मास्क मराठी गिऱ्हाइकांच्याच जोरावर फिटायला हवा. नगरी ढंगात बोलणारी काढायची तर आणखीच थोड्यांच्या. कार्डात कोणाचा आवाज असावा हे असे छापाच्या हिशोबाने ठरत गेले.

हा हिशोब मोडला तो पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या स्मृतीने. १९६७ साली बेल प्रयोगशाळेत दावॉन कांग आणि सायमन झी यांनी एका वेगळ्या ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. त्यात वाहकाची एक सूक्ष्म पाटी चारी बाजूंनी रोधकात गाडलेली असते. जास्त वीजदाब देऊन तिच्यात इलेक्ट्रॉन ढकलले, की त्यांना बाहेर पडायला वाट नसते. वीज गेली तरी ते वर्षानुवर्षे तिथेच राहतात. हवे तेव्हा पुन्हा वीजदाब देऊन ते काढूनही घेता येतात. आजच्या मोबाइलमधली आणि पेनड्राइव्हमधली साठवण याच कल्पनेवर उभी आहे.

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या 'इन्फर्मेशन स्टोरेज डिव्हायसेस', थोडक्यात आयएसडी, या कंपनीने या कल्पनेचा एक मजेदार उपयोग केला. अंकीय स्मृतीत प्रत्येक पाटी म्हणजे एक माठ समजा. तो भरलेला आहे की रिकामा एवढेच विचारायचे. असे आठ माठ मिळून एक बाइट, म्हणजे आवाजाचा एक नमुना. आयएसडीने म्हटले, आठ माठ कशाला? एकच घेऊ आणि तो किती भरला आहे हे पाहू. आवाज मोठा तर माठ जास्त भरायचा, लहान तर कमी. आकड्यांचे कामच नाही. या कंपनीच्या आयएसडी१०१६ या चिपमध्ये १,२८,००० पाट्या होत्या. सेकंदाला ८००० नमुने धरले तर बरोबर सोळा सेकंद. या युक्तीला किंमतही होती. माठाची पातळी किंचित चुकली तर तेवढी खरखर आवाजात येते. भरलेला-रिकामा या हिशोबात ती आली नसती. पण बोललेले चिपमध्ये टिपणे आता घरातल्या माणसाला शक्य झाले. लहानसा मायक्रोफोन आणि 'बोला' असे लिहिलेले बटण असलेली कार्डे या चिपांमुळे निघू शकली.

पुढे अंकीय स्मृती इतकी स्वस्त झाली की आठ माठांची चैनही परवडू लागली. आज कार्डांचे असे तयार संच मोठ्या प्रमाणावर चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात बनतात. पाटीवर चिप चिकटवण्याचे आणि तारा जोडण्याचे काम यंत्रे करतात, पण संच कार्डाला चिकटवणे, जीभ पट्ट्यांमध्ये सरकवणे, वरचा कागद डकवणे यांत अजूनही हाताचे काम बरेच असते. जीभ दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर कार्ड मिटल्यावरही बोलत राहते किंवा उघडूनही बोलत नाही.

सेलचा हिशोब

कार्ड जाड होऊ नये म्हणून त्यात चपटे बटण सेल घालतात. एलआर११३० नावाचा सेल तीन मिलिमीटर जाडीचा असतो, त्याचा वीजदाब दीड व्होल्ट. असे तीन एकापुढे एक जोडले की साडेचार व्होल्ट. या सेलची धारकता अंदाजे ७० मिलीअँपिअर-तास धरू. बोलताना कार्ड ६० मिलीअँपिअर वीज घेते असे समजा. (मल्टिमीटर असेल तर समजू नका, मोजा.) दहा सेकंद बोलण्याला ६०० मिलीअँपिअर-सेकंद, म्हणजे ३६०० ने भागून सुमारे ०.१७ मिलीअँपिअर-तास. सत्तराला याने भागले तर चारशेच्या वर वेळा कार्ड बोलायला हवे. प्रत्यक्षात ते इतके बोलत नाही. बटण सेलला अंतर्गत रोध मोठा असतो. सेल थोडा दमला की ६० मिलीअँपिअर मागताच त्याचा वीजदाब कोसळतो आणि आवाज घोगरा होऊन थांबतो. तोच सेल काढून भिंतीवरच्या घड्याळाला तारांनी जोडा, ते अजून खुशाल चालते. 'सेल संपला' म्हणजे नेमके काय, यावर अकरावीच्या वर्गात एक तास सहज रंगेल.

काही कार्डांत पट्ट्या सेल तोडत नाहीत. चिप सेलला कायम जोडलेली असते आणि पट्ट्या फक्त तिला जागे करतात. झोपेतही ती समजा एक मायक्रोअँपिअर घेत असेल. वर्षाचे तास ८७६०, म्हणजे वर्षाला सुमारे ९ मिलीअँपिअर-तास नुसते झोपण्यात गेले. सत्तरातले नऊ! म्हणून दुकानातल्या कार्डाला बाहेर डोकावणारी प्लॅस्टिकची पट्टी असते. ती ओढून काढेपर्यंत सेल अलग राहतो.

आता सेल आधी काढायला का सांगितले ते. लहान मूल बटण सेल तोंडात घालते आणि गिळते. सेल अन्ननलिकेत अडकला तर त्याच्या धन आणि ऋण बाजूंमधून ओल्या ऊतींतून वीज वाहू लागते. ऋण बाजूशी पाण्याचे अपघटन होऊन तीव्र अल्क तयार होते आणि ते अन्ननलिका जाळते. गंभीर इजा व्हायला दोन तासही पुरतात. सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. सर्वांत धोक्याचा तो २० मिलिमीटर व्यासाचा, तीन व्होल्टचा लिथियम सेल, कारण तो अडकतोही आणि त्याचा वीजदाबही दुप्पट. हा दिव्यांच्या कार्डांत, रिमोटमध्ये, वजनकाट्यात सर्रास असतो. नाकात किंवा कानात घातलेला लहान सेलही असाच भाजतो. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता, उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता, क्ष-किरणाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

हे मुलांना भीती घालून सांगण्यापेक्षा दाखवावे. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद घ्या, तो मिठाच्या पाण्याने ओला करा आणि लिथियम बटण सेलची ऋण बाजू, म्हणजे अधिक चिन्ह नसलेली बाजू, खाली करून त्यावर ठेवा. थोड्या वेळाने सेल चिमट्याने उचला. त्याखाली पिवळ्या कागदावर तांबडा डाग उमटलेला असेल. हळद अल्कात तांबडी होते हे मुलांना माहीत असते. तोच डाग घशात पडला तर काय होईल हे सांगावे लागत नाही. प्रयोग शिक्षकांनीच करावा आणि सेल मोजून परत ठेवावेत.

वापरलेले सेल कार्डासकट रद्दीत जाऊ देऊ नयेत. जुन्या बटण सेलमध्ये पाराही असे. २०१३ च्या मिनामाता करारानुसार २०२० नंतर असे बहुतेक सेल बनवायला बंदी आली, पण घराघरांच्या कपाटांत ते अजून असू शकतात. सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून घट्ट झाकणाच्या बरणीत जमवावेत आणि अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावेत. वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी आपल्या देशात उत्पादकांवर टाकली आहे.

आपल्या आवाजाचे कार्ड

मोठ्या वर्गांसाठी एक प्रयोग सुचवतो. पुण्याच्या तापकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा टपालाने आयएसडी१८२० ही चिप आणि तिच्यावर बांधलेला तयार संच मिळतो. ही चिप वर सांगितलेल्या अर्धवट भरलेल्या माठांचीच आहे. तिच्यात नमुन्यांसाठी ६४,००० जागा असतात आणि नमुने किती जलद घ्यायचे हे बाहेरच्या एका रोधाने ठरते. ८० किलोओहम लावला तर सेकंदाला ८००० नमुने आणि आठ सेकंद. १०० लावला तर ६४०० नमुने आणि दहा सेकंद. २०० लावला तर ३२०० नमुने आणि वीस सेकंद. तिन्ही वेळा गुणाकार करून पाहा!

तयार संचात हा रोध बहुधा १०० किलोओहमचा बसवलेला असतो. तो काढून तिथे ८० ते २०० किलोओहमपर्यंत बदलता येणारा रोध लावा आणि तीन वेळा तेच वाक्य टिपा. वाक्यात स, श, फ, ख भरपूर असू द्या. ज्यांनी वाक्य आधी ऐकलेले नाही अशा दहा मुलांना ते ऐकवून त्यांनी काय ऐकले ते लिहून घ्या. वीस सेकंदांच्या टिपणात कोणती अक्षरे आधी हरवतात याची यादी करा. मग ८० वर टिपलेले वाक्य रोध १६० करून वाजवा. तेच नमुने निम्म्या वेगाने बाहेर पडतील. वाक्याला दुप्पट वेळ लागेल आणि आवाज बरोबर एक सप्तक खाली उतरेल. सहावीतली मुलगी तिच्या आजोबांसारखी बोलू लागेल.

यानंतर कार्ड करायचे असेल तर मजकूर मुलांनीच लिहावा. सावकाश, स्पष्ट बोलताना आपण सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारतो, म्हणजे दहा सेकंदांत चाळीस ते पन्नास. तेवढ्यात मावेल आणि 'स' वर फारसे विसंबणार नाही असे वाक्य जुळवायला बसले, की दुकानातल्या कार्डावरचा छापील मजकूर उपयोगाचा नाही हे मुलांच्या लगेच ध्यानात येते. एका मुलाने 'सस्नेह' खोडून 'मनापासून' लिहिले, तरी तिथे 'स' उरतोच; मग 'प्रेमाने' चालेल का, यावर वर्ग भांडू लागेल. भांडू द्यावा.